वाळ्यांसकट वजन

बीडच्या स्टँडवरून वडवणीकडची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर चाळीस प्रश्नांची यादी होती. एका संस्थेसाठी मी रुग्णालयांतले बालकक्ष तपासत फिरते. कुठल्या गावी उतरले ते लिहीत नाही. नाव छापलं की सिस्टरची बदली होते आणि कक्ष तसाच राहतो.

वाटेत टायर पंक्चर झाला. "बसा सावलीला, ताई," कंडक्टर म्हणाला, "तुमच्या घाईनं चाक फिरत न्हाई." बाभळीखाली भाकरी-ठेचा खाल्ला. समोर काळी, कोरडी रानं आणि मेंढ्या.

बालकक्ष स्वच्छ होता. ऑक्सिजन भरलेला. वजनकाटा आहे? होय. चालतो? होय. मी भांडायच्या तयारीने आले होते आणि भांडण सापडत नव्हतं.

तेवढ्यात मेंढपाळ घरातली मंदा सव्वा वर्षाच्या राणीला घेऊन आली. हगवणीने पोर सुकली होती. सिस्टरने तिला टोपरं, स्वेटर, चांदीचे वाळे (पायातली कडी) यांसकट काट्यावर ठेवलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलं. लाल पट्ट्यातलं मूल दाखल करतात, पिवळ्यातलं घरी पाठवतात.

"पिवळ्यात हाय. घरी न्या, चांगलं खाऊ घाला."

"घर कुठंय, सिस्टर? उद्या कळप निघतोय. मग दोन महिने रानातच."

मी मध्ये पडले. "कपड्यांसकट का तोलता?"

सिस्टर ओशाळली. "उघडं तोललं की दिष्ट (नजर) लागते म्हणतात. एक आजी तर लेकरू उचलून निघून गेली. तेव्हापासून हट्ट सोडला."

"मग पोर तोलताय की चांदी?" मी यादी टेबलावर आपटली. राणी रडू लागली.

"वरडता कावून, ताई?" मंदा म्हणाली. "बोकड दोरीसकट तोललं तर आमी दोरी मागून तोलतो नि वजा करतो. तसं करा की."

तिने राणीला पदराआड घेऊन कपडे, वाळे उतरवले. सिस्टरने ते गाठोडं काट्यावर ठेवलं, कागदावर वजाबाकी केली आणि तक्त्यावर पुन्हा बोट फिरवलं. ते लालवर थांबलं.

"चौदा दिवस राहावं लागंल, मंदा."

"राहते. मेंढ्या बघंल तिचा बाप."

परतीच्या एसटीत यादी उघडली. याआधीच्या प्रत्येक रुग्णालयापुढे माझ्याच अक्षरात होतं: काटा चालतो, होय. त्यावर मूल चढताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बीडला उतरून आष्टीची गाडी विचारली. पहिलं 'होय' मी तिथे लिहिलं होतं.