तांब्यातलं औषध

रिकाम्या बाटलीतून औषधाचा कडू वास आला, की मला संस्थानाच्या वेळचं भोर आठवतं. धाकट्या बहिणीला हिवताप चढला, म्हणून मी आमच्या हिर्डोशीहून पहाटेच चालत भोरला निघालो. तिथल्या दवाखान्यात औषध फुकट, पण बाटली ज्याची त्यानं आणायची. कंपाउंडर म्हणाला, "बाटली कुठंय? मुंडाशात ओतू का?" "सायेब, आमच्या गावात बाटली एकच, तीबी पाटलांची, घासलेटाची." मागं उभे असलेले भोरातले लोक हसले. म्या हट्टानं औषध वाटेत पाण्याला आणलेल्या तांब्यात घेतलं, वर पळसाचं पान बांधलं. डोंगरवाटेनं चढता-उतरता निम्मं सांडलं. उरलेलं बहिणीला पाजलं, ते पुरलं न्हाई. ती गेली; गावच्या ओढ्याकाठी तिला माती दिली. आता सून म्हणते, "मामंजी, फळीभर रिकाम्या बाटल्या कशाला?" मी म्हणतो, "असू दे. लागंल कुणाला तरी."