जिथे चूल नाही तिथे

किस्से साठवायला आमच्या घरी वेगळी कणगी लागत नाही. तोंड बंद ठेवणारं एक माणूस पुरतं. लग्न होऊन चिमूरला आले तेव्हापासून ते माणूस मी आहे. नवी सून बोलत नाही, म्हणजे तिला ऐकूही येत नसावं, असं सगळे धरून चालतात. त्यामुळे धानाची मळणी आटोपल्यावर रामदेगीच्या सहलीचं जे काही चाललं, ते सगळं आपोआप माझ्याकडे जमा झालं.

*

पहिली बैठक ओसरीवर भरली. माझे सासरे, मामाजी, बंगईवर झोके घेत होते. त्यांचे धाकटे भाऊ काकाजी चांद्याला कचेरीत कारकून. ते खास रजा घेऊन आले होते. त्यांना नागपूर पाहिजे होतं, मामाजींना ताडोब्याचा तलाव. मूल गावाहून आलेल्या आत्याबाई, म्हणजे या दोघांची बहीण, म्हणाल्या, "देव असन तर मी येतो." शेवटी रामदेगी ठरली. तिथे जंगल आहे, पाणी आहे आणि रामही आहे.

सगळं ठरल्यावर काकाजींना भावजयीची आठवण झाली.

"वहिनी, तुमाले कुठी जायचं आहे?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जिथी चूल नाई तिथी."

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. मी कपबशा घेऊन दाराआड उभी होते, म्हणून मला ते दिसलं.

*

दुपारी मी त्यांना विचारलं, मार्कंड्याचं देऊळ कसं आहे? त्या दोनदा जाऊन आल्या आहेत.

"दगड चांगले आहेत तिथले," त्या म्हणाल्या. "तीन मांडले का चूल होते."

"आणि नदी?"

"भांडे घासाले बरी आहे."

*

त्यांचं म्हणणं काकाजींनी मनावर घेतलं. दुसऱ्या बैठकीत त्यांनी कचेरीतल्या आवाजात जाहीर केलं, "या खेपेले वहिनी चुलीले हात लावणार नाई. शिदोरी सोबत न्यायची. दोन दिवसांची, साऱ्यांची."

"वा," मामाजी म्हणाले.

"शिदोरी करन कोन?" सासूबाईंनी विचारलं.

काकाजींनी खुलासा केला, "तिथी हात नाई लावायचा, वहिनी. इथी लावाले काही हरकत नाई."

*

शिदोरीचा बेत जावईबापूंनी मोडला. जावईबापू म्हणजे आत्याबाईंचे यजमान. वय साठीचं, पण या घरात जावई म्हातारा होत नाही. पंगतीत पहिलं पान त्यांचं, भात वाफाळता, तूप वरून. मूलहून त्यांचा निरोप आला: येतो, पण शिळं मानवत नाही.

भात गरम म्हणजे गंज आला, भाताचं मोठं पातेलं; गंज आला म्हणजे चूल आली.

"लहानशीच मांडू," काकाजी म्हणाले.

"लहान चुलीवर रांधाले लहान बाई भेटन का कुठी?" सासूबाई म्हणाल्या.

*

मग पुरुषांना जोर चढला. रामदेगीला पुरुषच रांधणार! आधी घरी करून बघू, म्हणून एका सकाळी परसात चूल पेटवली. काकाजी भाजीला, मामाजी भाताला, आणि हे कांदे चिरायला. लग्नानंतर दिवसाउजेडी इतका वेळ मी यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. रडत होते.

"वहिनी, तिखट कुठी आहे?"

"ऐकलं का, पानी किती टाकू?"

"आई, हे जळून राह्यलं का?"

सासूबाई घरातून परसात, परसातून घरात. शेवटी दमून चुलीपाशीच उभ्या राहिल्या. वांग्याची भाजी झाली. चांगली झाली. काकाजींनी घाम पुसत सांगितलं, "पाहा वहिनी, तुमच्याबिगर झालं का नाई?"

"झालं ना," सासूबाई म्हणाल्या. "मी तं उभीच होती."

जेवण झाल्यावर त्या विहिरीपाशी मला म्हणाल्या, "एक दिवस. मले काही रामदेगीच पाहिजे असं नाई. एक दिवस पाहिजे."

मी मान हलवली. मला बोलता येत नाही ना.

*

यानंतर बसण्याचा प्रश्न निघाला. तीन बैलबंड्या, रस्ता जंगलाचा. शेवटच्या बंडीत कोणी बसायला तयार नव्हतं, कारण वाघ मागून येतो. पहिलीतही नाही, कारण अस्वल समोरून येतं. सगळ्यांना मधली पाहिजे.

"मंग मधल्याच बंड्या नेऊ," काकाजी वैतागून म्हणाले.

आत्याबाईंनी तोड काढली. "नव्या नवरीले मागं बसवा. तिले अजून वाघ ओळखत नाई."

*

निघायचा दिवस उजाडला. बैल जुंपले. जावईबापू मधल्या बंडीत गादीवर बसले. गंज चढला, तांदूळ चढले, शिदोरीही चढली, कारण बेत बदलला तरी ती झालीच होती. सासूबाई तेवढ्या दारात उभ्या.

"चाला ना," मामाजी म्हणाले.

"तुमी व्हा समोर. मी येत नाई. म्हैस व्यायची आहे."

"तिले तं अजून महिना आहे."

"तिले काय कॅलेंडर समजते?"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या एकदा गंजाकडे बघत, एकदा आपल्या हातांकडे. पण बैल निघाले होते, आणि जावईबापूंना ऊन लागत होतं.

*

गावाबाहेरचा नाला ओलांडला, तेव्हा लक्षात आलं की तूप राहिलं. तूप नाही म्हणजे जावईबापूंचा भात नाही. ते कुठल्या फळीवर आहे, ते मला माहीत होतं. मामाजी आणि मी पायी मागे आलो.

आमच्या घराचं दार दिवसा कधी लागत नाही. त्या दिवशी लागलं होतं. धुराड्यातून धूर नव्हता. आतून बंगईच्या कड्यांचा आवाज येत होता, सावकाश. कर्र, कर्र.

मामाजींनी कडी वाजवली.

बंगई थांबली नाही. आतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"घरी कोनी नाई. सारे रामदेगीले गेले."

मामाजींनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता पायरी उतरले.

"चाल पोरी," ते हळूच म्हणाले, "घरी कोनी नाई."