गोऱ्या साहेबाचा लिलाव

यंदा पंधरा ऑगस्टला घोडेगावात आमचं नाटक होतं आणि तोंडाला पावडर थापून गोरा साहेब मीच झालो होतो. शेतसारा न भरणाऱ्या शेतकऱ्याचा बैल मी लिलावात काढायचा, गावाने बोलीच लावायची नाही आणि मी हरायचं, असं ठरलं होतं. पण बैल खरा होता, शिवाय देखणा. पुढच्या रांगेतला बैलांचा व्यापारी थेट मंचावर आला आणि बाजारातल्यासारखा माझ्या हातावर रुमाल टाकून, बोटं दाबून भाव सांगू लागला. इंग्रज सरकार जिंकतंय म्हणून मला घाम फुटला.

"अवो, बसा खाली," त्याची बायको प्रेक्षकांतून ओरडली. "इंग्रजाला पैका द्यायला लाज न्हाई वाटत?"

व्यापारी मुकाट उतरला. मी हरलो, पण टाळ्या सगळ्या तिलाच पडल्या.