फळीवाले याही

२०१८ साल. मी एकसष्ट वर्षांचा. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये, रंगखात्यात, सारी उमर घालवून नुकताच घरी बसलो होतो. त्या साली आमच्या दारात असा एक माणूस आला, की जो खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचा. दोन्ही हातांनी, आणि यजमानाच्या डोळ्यांदेखत.

हे माझे याही. आम्ही खानदेशी लोक व्याह्याला याही म्हणतो. तेव्हा अजून व्हायचे होते. त्यांची पूनम आणि माझा किरण, यांचं जमवायचं चाललं होतं, म्हणून ते घर बघायला आले होते. घर बघायला येणारी माणसं पाण्याचा नळ बघतात, पोराचा पगार विचारतात, स्वयंपाकघरात डोकावतात. यांनी खुर्ची हलवली, बसले, पाणी पिले आणि छताकडे बघत राहिले. किरणची आई दाराआडून मला खुणावते, माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना?

धंदा त्यांचा परांच्या बांधायचा. हजिऱ्याकडे कारखान्यांत, इच्छापोरला नव्या बांधकामांवर ते बांबू उभे करायचे, त्यावर फळ्या टाकायचे. मग गवंडी आणि रंगारी वर चढून काम करणार. "फळी माझी, पाय दुसऱ्याचा," असं ते म्हणायचे. ही सवय त्यांच्यासोबत घरी यायची. सुरतेत घरोघर हिंचका, म्हणजे झोपाळा. एकदा आमच्या गुजराती शेजारणीनं त्यांना मोठ्या मानानं हिंचक्यावर बसा म्हटलं. हे उभेच. वर बोट दाखवून म्हणतात, "बेन, कडी घसाई गई छे." कडी झिजलीय म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण मात्र स्टूल घेऊन चढली, कडी बघितली, आणि तेव्हापासून मला सोडून त्यांनाच भाऊ म्हणायला लागली.

असो. घर बघायला आले त्या दिवशीचं सांगतो. माझ्या घराची शान म्हणजे वरच्या मजल्याची लाकडी गॅलरी. मिलमध्ये नवी मशिनं आली, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या मी मागून घेतल्या. सुट्टी आली की रंधा मारायचा. भिंतीतून तुळया बाहेर काढल्या, फळ्या ठोकल्या, कठडा लावला. सुताराला हात लावू दिला नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण खिळा माझ्या हातून कधी वाकडा गेला नाही.

चहा झाला, तोंड गोड झालं, म्हणजे सोयरीक पक्की. कप खाली ठेवून ते म्हणाले, "आता तुमची गॅलरी बघू." मी खुशीत जिन्याकडे वळलो, तर हे उलटे खाली गल्लीत. मान वर करून उभे. "वरून बघणारा फसतो, याही. गॅलरीचं पोट बघावं." मग वर आले, उकिडवे बसले, खिशातून गोणी शिवायचा दाभण काढला. मधल्या तुळईवर टोक जेमतेम रुतलं. भिंतीजवळ, जिथं रोज धुण्याचं पाणी निथळतं, तिथं सरळ आत गेलं. त्यांनी कठड्याला कमरेचा धक्का दिला, तोही कुरकुरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मनी आंडेर आठे उभी राही, याही." माझी लेक इथं उभी राहणार.

मी म्हटलं, "माझी बायको रोज इथं धुणं घालते. तिचं वजन दिसतंय ना तुम्हाला?"

"माझं वजन कशाला काढता चारचौघांत?" आतून आवाज आला.

"रोजचं वजन धरू नका," याही म्हणाले. "लग्नाचं धरा. लग्न तुमच्या दारी, मांडव गल्लीत. बँड वाजला की साऱ्या बाया कुठं चढतील?"

मला राग आला. "पोरगी द्यायची नसेल तर सरळ सांगा. लाकडाच्या आडून बोलू नका."

"पोरगी दिली. चहा पिलो ना? शब्द फिरवणाऱ्यातला मी नाही. पण ही उतरवा."

"नाही उतरवणार."

किरणची आई म्हणाली, "मग लावा पोराचं लग्न लाकडाशी."

मुहूर्त ठरला तरी गॅलरीचं मिटेना. ते दर रविवारी यायचे, पाहुणचार घ्यायचे, मोठ्यानं हसायचे आणि जाताना गल्लीत उभं राहून मान वर करायचे. असा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. आता ते नाहीत. छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा आधी पलंग हलवून बघितला आणि मगच आडवे झाले, असं पूनम सांगते. सांगताना हसते, आणि मग उठून आत जाते.

तर गॅलरीचं. शेवटी मीच म्हटलं, होऊन जाऊ द्या परीक्षा. माणसं चढवा. ते म्हणाले, "माणसं चढवून बघत नसतात. गोण्या चढवा." समोरच्या बांधकामावरून वाळूच्या गोण्या आणल्या. किरणनं आणि त्याच्या दोस्तांनी वर नेऊन रचल्या. गॅलरी करकरली, पण हलली नाही. सारी गल्ली बघत होती. मी मिशीवरून हात फिरवला.

"टिकली," याही म्हणाले.

"मग?"

"गोणी नाचत नाही, याही. माझी पूनम नाचते."

गल्ली हसली. मी हसलो नाही. गोण्या उतरवल्या, पोरं पांगली, तेव्हा ते जवळ आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "घर तुमचं, मर्जी तुमची. लग्न ठरल्यासारखं होईल. फक्त मी मांडवात बसणार नाही. इथं, गॅलरीखाली उभा राहीन. खाली आली तर आधी माझ्या अंगावर येऊ दे."

"आणि कन्यादान?"

"तिचा काका करील."

हे धमकी देणाऱ्याचं बोलणं नव्हतं. त्यांनी उभं राहायची जागासुद्धा बघून ठेवली होती. मी घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या आत मी शिडी लावली, पहार घेतली आणि चढलो. हरलो म्हणून नाही. गॅलरी टिकली होती, गल्ली साक्षीला आहे. पण पोरीचा बाप लेकीच्या मंगलाष्टकांना पाठ करून माझ्या फळ्यांखाली उभा राहणार, हे मला बघवलं नसतं. पहिली फळी उचकटतो, तोच गोण्या परत करायला म्हणून याही आले. वर बघितलं. पायातल्या चपला काढल्या, खालून शिडी धरली.

मी दुसऱ्या फळीला पहार लावली.

"कठडा आधी काढा," ते म्हणाले.

"मला शिकवू नका," मी म्हणालो, आणि कठडा आधी काढला.