गोठ्यातून ऐकलेला इटालियन पिक्चर

आधी चहा संपवा, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि आळ माझ्यावर येईल. माणसानं गाढवपणा किती करावा याला काही हद्द असते, आणि ती मी वालूरमध्ये, शेळ्यांच्या गोठ्यात उभा राहून ओलांडली.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. झरीत पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार बदलून देण्याचं दुकान आहे माझं. कुणी जळालेली मोटार आणली की माझा पहिला संशय मोटारीवर नसतो, आणणाऱ्यावर असतो. अशा माणसाच्या एकुलत्या एका पोरीला, शीतलला, स्थळ आलं.

पोरगा वालूरचा. बालाजी नाव, शाळेत मास्तर. घरी आई आणि आईच्या शेळ्या. परभणीत शीतलच्या मामाच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी नेमका तापानं झोपलेला. पोरीला पोरगा आवडला, पोराला पोरगी आवडली, आणि आमच्या बायकोला तर इतका आवडला की ती लगेच साड्यांचे भाव काढायला लागली. रविवारी त्यांच्या घरी जाऊन सुपारी फोडून सोयरीक पक्की करायची, एवढंच बाकी राहिलं होतं.

हेच मला खटकलं. निर्व्यसनी, पगारदार, वर हुंडा नको म्हणतोय. असा पोरगा आजवर मोकळा राहतोच कसा?

आता पोरगी देण्याआधी गावात गुपचूप चौकशी करायची, ही आपल्याकडची रीतच आहे. पण ती करायची एखाद्या पाहुण्यामार्फत. माझा पाहुण्यांवर तरी कुठं भरवसा? गुरुवारी बायकोला म्हटलं, "सेलूला तांब्याची तार आणायला चाललोय," आणि तोंडाला रुमाल बांधून गाडी थेट वालूरला नेली.

चौकशीला सलूनसारखी जागा नाही. दाढीला बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते बालाजी मास्तर कसे हायत हो?"

"पोरगं लय चांगलं हाय," सलूनवाला म्हणाला. "पन..."

हा 'पन' ऐकायलाच तर मी एवढ्या लांब आलो होतो.

"दिवस मावळला की दार लावून घ्यायलाय. आतून बंदुकीचे आवाज येतेत. बाया रडतेत. भाषा बी आपली न्हाई. आमी कशाला इचारावं?"

मी उठलोच. एका गालाला साबण, दुसरा गाल साफ. पैसे ठेवले, साबण पुसला आणि निघालो. दिवस मावळायला आलाच होता. डोक्यात टोळी, बंदुका, परमुलखातल्या बाया, सगळं एकदम फिरायला लागलं होतं.

मास्तरच्या घरामागं गोठा होता, आणि गोठ्याकडं एक खिडकी. खिडकीला पडदा. मी शेळ्यांच्या मधून वाट काढत खिडकीखाली जाऊन बसलो. आतून खरंच गोळी सुटल्याचा आवाज आला. मग एका पोराचा आवाज, चांगला स्पष्ट.

"त्याला पिठाच्या पोत्यामागं लपीव. शिपाई दारात आलेत."

लगेच एका बाईचा आवाज, वयस्कर. "अगोदर त्याला भाकर दे म्हनावं. किती दिसाचा उपाशी असंल लेकरू."

म्हणजे आईसुद्धा सामील! एका शेळीनं माझा रुमाल चघळायला सुरुवात केली होती, पण तो सोडवायचं भानही राहिलं नाही. कारण तेवढ्यात पुढचं वाक्य कानावर आलं.

"मला माफ कर," पोरगा म्हणत होता. "तुझ्यापासून लपवून ठेवलं. माझं लग्न झालंय. गावाकडं बायको हाय, दोन लेकरं हायत."

"अरे मेल्या," आई ओरडली, "अन् हे आता सांगायलास? त्या पोरीनं काय करावं रे?"

मला शीतलचा चेहरा दिसायला लागला. आठवडाभर घरात गुणगुणत फिरत होती ती. वाटलं, आत घुसावं आणि त्याची गचांडी धरावी. ताडकन उठलो, तर पाय शेळीच्या पाण्याच्या घमेल्यात. शेळ्या एका सुरात ओरडल्या, आणि मी कडब्याच्या पेंढ्यांवर आडवा झालो.

उठेपर्यंत समोर हातात काठी घेतलेला जावई.

त्यानं दंडाला धरून मला घरात नेलं. आणि आत काय दिसावं? भिंतीवर टीव्ही, त्यावर काळा-पांढरा पिक्चर थांबवलेला. एक दाढी वाढलेला सैनिक एका रडणाऱ्या पोरीपुढं गुडघे टेकून बसलाय. टीव्हीकडं पाठ करून, डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेली आई खाटेवर बसलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बघायला मनाई, म्हणून पोरगा रोज एक पिक्चर लावायचा आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून तिला आपल्या बोलीत सांगायचा. आजचा इटलीतला, लढाईच्या काळातला.

"कोन हो तुमी?" त्यानं विचारलं.

"शेळ्या घ्यायला आलतो," मी म्हणालो. "झरीहून."

झरी! जीभ झडली नाही तेवढंच.

"झरीचे का? मग इचारूनच घेतो." त्यानं तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल उचलला आणि पडदा माझ्या तोंडासमोर धरला. "शीतल, ह्यांना ओळखतीस का?"

पडद्यात माझी पोरगी. रोज संध्याकाळी घरी फोन घेऊन 'मैत्रिणीबरोबर अभ्यास' करायला बसायची, तो हा अभ्यास. तीही तिकडून पिक्चर ऐकत होती.

केसात कडबा, अर्धी दाढी, गळ्यात चघळलेला रुमाल. मी डोळ्यांनीच तिला विनवलं. तिनं कडब्यापासून रुमालापर्यंत मला न्याहाळलं. मग शांतपणे म्हणाली, "न्हाई. ह्यांना मी कधीच बघितलं न्हाई."

तिनं सोयरीक वाचवली, हे मला कळत होतं. तरी पोटच्या पोरीनं ओळख नाकारली, हे लागलं ते लागलंच.

"चोर का असंना, दिवस मावळलाय," खाटेवरून आई म्हणाली. "बालाजी, भाकर वाढ त्याला. अन् पिक्चर चालू कर."

मी चोरासारखाच बसून ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. सैनिकाला शिपायांनी शोधून काढलं की नाही, हे काही मी बघितलं नाही. शेवटचा घास गिळला आणि जो सुटलो तो थेट झरी. त्या रात्री शीतल माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिच्या अभ्यासाची चौकशी केली नाही.

रविवारी आम्ही सगळे वालूरला गेलो. मी मिशी काढून टाकली होती, चष्मा लावला होता, टोपी कपाळावर ओढली होती. बालाजीनं आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. चेहऱ्यावर कसलीच ओळख नाही. सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग जावई माझ्या पाया पडायला वाकला. वर उठताना अदबीनं म्हणाला, "मामा, गुरुवारी तुमचा पिक्चरचा शेवट राह्यला होता. लावू का?"

शीतल पदर तोंडाला लावून आत पळाली. मी हातातला पेढा अख्खाच तोंडात कोंबला.

शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्याकडं मान वळवली.

"शेवट राह्यला म्हंजे? सुरुवात कधी बघितली तुमी?"