बादशहाच्या महालात बुटांसकट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर पुढचं सांगणार नाही. असला गाढवपणा केलाय मी, आणि तोही साक्षीदारांसमोर. साक्षीदार कोण? माझेच आई-बाबा!

आई-बाबांना क्रोएशियातलं स्प्लिट बघायचं होतं. भूमध्य समुद्राकडचं जुनं रोमन शहर. पण जायचं कसं? तर ग्रुप टूरने! सकाळी पोहे, बसमध्ये अंताक्षरी आणि सगळ्यांना सारख्या लाल टोप्या.

मी म्हटलं, "बाबा, आपण ब्रिटनमध्ये, कार्डिफला राहतो. ब्रिस्टलहून विमानात बसलं की डुलकी लागेपर्यंत स्प्लिट. टोप्या कशाला? मी नेते तुम्हाला."

"आणि काही घोळ घातलास तर?"

"मी? घोळ? तर पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर ग्रुप टूरला येईन. टोपी घालून!"

पैज कोणी लावली? मीच.

आता स्प्लिटची गंमत अशी, की तिथे एका रोमन बादशहाचा महाल आहे आणि अख्खं जुनं गाव त्या महालाच्या भिंतींच्या आत वसलंय. माणसं अजूनही तिथे राहतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

त्यात मी वाढले कार्डिफमध्ये. आमच्या शाळेची ट्रिप नेहमी एका उघड्यावरच्या म्युझियमला जायची. जुनी घरं, आणि प्रत्येक घरात जुन्या काळचे कपडे घालून चुलीशी बसलेली एक बाई. ती म्युझियमची स्टाफ. तुम्ही खुशाल आत जायचं, काहीही विचारायचं.

तर स्प्लिटच्या एका बोळात, दगडी भिंतीत उघडं दार दिसलं. दारात ॲप्रन घातलेल्या एक आजी. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की त्यांनी मला हाताला धरूनच आत ओढलं.

"बघा!" मी म्हटलं. "टूर कंपनी तुम्हाला हे दाखवणार होती का?"

आईने दारातच चपला काढल्या.

"आई! म्युझियममध्ये चपला काढतात का?"

"अगं, फरशी आत्ताच पुसलीय. कोणाचं तरी घर दिसतंय."

"घरच दिसायला पाहिजे! त्यालाच ऑथेंटिक म्हणतात."

आणि मी बूट घालून त्या ओल्या फरशीवरून ऐटीत गेले.

"फ्रिज आहे इथे," बाबा पुटपुटले.

"स्टाफचा असेल."

"आणि दोरीवर मोजे वाळतायत ते?"

"बाबा, प्लीज! आणि त्या सोफ्यावर बसू नका, एक्झिबिट आहे तो!"

आजींना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं आणि खालच्या एका डब्याकडे बोट दाखवून तावातावाने बोलायला लागल्या. डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. पण डब्याकडे कोण बघतंय? वर रोमन दगड होता! मी भिंतीवर हात फिरवला, टकटक केलं, कान लावला, फोटो काढले. "वंडरफुल!" म्हटलं. आजी खूश. लगेच कॉफी आली, सुके अंजीर आले.

"बघा, टेस्टिंगसुद्धा ठेवलंय!"

आई तोपर्यंत आजींच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली होती. मी पुढचं दालन बघायला दार उघडलं.

आत बनियनमधले एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण फासून दाढी करत होते.

"सॉरी, हा भाग पण ओपन आहे का?" मी विचारलं. तेव्हासुद्धा, बरं का!

त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि चक्क इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, वायफाय कधी सुरू होणार?"

तर त्या आजींचे ते चिरंजीव. घरातलं इंटरनेट बंद पडलेलं आणि आजी सकाळपासून दार उघडं टाकून दुरुस्तीवाल्याची वाट बघत होत्या.

"पण आम्ही तिघं? दुरुस्तीवाले?"

"आई म्हणाली, मुलगी फार बारकाईने तपासतेय, भिंतीला कान लावून. बरोबरची मंडळी घरच्या धंद्यातलीच असतील."

मला त्या महालाच्या पायात गाडून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात बाबा शांतपणे सोफ्यावरून उठले. होय, बसलेच होते! ईमेलच्या पासवर्डसाठी मला ऑफिसात फोन करणारे माझे बाबा. त्यांनी डब्याची पिन काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा हिरवा! आजींनी बाबांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"अहो, पुरे," आई म्हणाली, आणि फरशीचं फडकं माझ्या हातात दिलं. "पूस. तुझेच बूट आहेत."

यंदा अथेन्स. ग्रुप टूर. लाल टोपी मला मोठी होते, कानांवर येते. पोहे बरे असतात, पण हे बाबांना सांगू नका. टेकडीवरच्या त्या भल्या मोठ्या देवळापाशी पोचलो. छप्पर नाही, भिंती नाहीत, नुसते खांब. बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघ गं, घरात आहे का कोणी?"

आणि काय सांगू? मी खरंच वाकून बघितलं!