मंडईतली थप्पड

चंद्रकुमार आंबागडचा, हे आता आंबागडवाले कुणी न विचारताच सांगतात. तुमसरच्या बसस्टँडवर, भंडाऱ्यात पितळेची भांडी घेताना, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. "तो टीव्हीतला निक्की शेठ नाही का? आमच्याच गावचा पोट्टा तो." हेच लोक काही वर्षांपूर्वी त्याच्या आईला, आनंदाबाईला, सुनवत होते की पोराला धानाच्या बांधीत रोवण्याला लाव, नाहीतर तोंडाला रंग फासून दारोदार फिरेल. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. एकदा बाहेर विकलं गेलं की मात्र जो तो म्हणतो, बियाणं आमच्याच घरचं. आनंदाबाई दोन्ही वेळा गप्पच राहिली.

निक्की शेठ म्हणजे रात्री नऊला लागणाऱ्या एका हिंदी गुन्हेगारी मालिकेतला नशेच्या मालाचा बादशहा. वय जेमतेम बावीस, मिसरूड अजून कोवळं, आवाज कधी चढत नाही. शाळेच्या फाटकापर्यंत पुड्या पोचवतो आणि आड येणाऱ्याला उरू देत नाही. कुणाला मारायचं झालं की हा आधी मनगटावरचं घड्याळ सोडतो, मार खाणाऱ्याच्याच हातात ठेवतो आणि हळूच म्हणतो, "संभाल के रख. गिरना नहीं चाहिए." मग थप्पड. बिचारा मार खातो आणि घड्याळही सांभाळतो. लोकांना हे फार आवडलं. का आवडलं हे लोकांना विचारायची सोय नाही. साकोलीपासून तुमसरपर्यंत पोरं केस तसे कापून घेऊ लागली आणि शाळेच्या पटांगणात एकमेकांच्या हातात घड्याळं देऊ लागली.

पण थप्पड मारायला चंद्रकुमार मुंबईत शिकला नव्हता. ती विद्या यादोरावांची.

यादोराव दिवसा जंगलखात्याच्या कामावर मजूर. खड्डे खणणं, वणवा अडवायला जाळपट्टे काढणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. पण दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली, लेकी-जावई, पाहुणेरावळे जमायला लागले, आणि मंडईत दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ उभा राहिला, की हाच माणूस जरीचा कोट चढवून राजा व्हायचा. असा राजा की पुढे गावात त्यांना नावानं हाक मारणंच बंद झालं. पाटलासकट सगळे 'राजे' म्हणायचे. चंद्रकुमार शाळा बुडवून त्यांच्या अंगणात पडून असायचा, आणि त्यांना काकाजी म्हणायचा. त्यांनीच त्याला शिकवलं की थप्पड मारणाऱ्यानं हात गालापासून वीतभर अलीकडे फिरवायचा, आणि आवाज काढायचा मार खाणाऱ्यानं. तोंड वळवता वळवता पोटाशी टाळी वाजवायची, ती लोकांच्या नजरेला दिसत नाही. दोघांचा मेळ बसला की मागच्या रांगेतली बाई "अगं माय" म्हणून पदर तोंडाला लावते. "समोरचा गाल तुह्या भरवशावर उभा राहते, बापू," ते म्हणायचे. "त्याले हात लागला तं तू नट नाही, गुंडा आहेस."

मग दंडारीचे दिवस सरले. मंडईच्या कमिट्या डीजे आणू लागल्या, नाचाचे कार्यक्रम आणू लागल्या. यादोरावांना बोलावणं येईना. जरीचा कोट पेटीत गेला आणि राजे ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे रामराम घेऊ लागले. रामराम मात्र शेवटपर्यंत कुणी चुकवला नाही.

यंदाच्या मंडईला चंद्रकुमार गावी आला तेव्हा मंडई कमिटीचा अध्यक्ष भोजराज दारातच उभा. म्हणाला, "बापू, लोक जीव खाऊन राहिले. निक्की शेठचा एक आयटम स्टेजवर झालाच पाहिजे."

"करतो," चंद्रकुमार म्हणाला, "पण माझ्यासमोर यादोराव काकाजी पाहिजेत. नाही तं मी करत नाही."

गावाला वाटलं, पोरगा गुरूला विसरला नाही. आनंदाबाईला तर रडूच आलं. चंद्रकुमारलाही तसंच वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. ज्या माणसानं आपल्याला उभं राहायला शिकवलं, त्यानं आपण किती उंच झालो ते जवळून पाहावं, ही खाज आत होती. शिष्य मोठे झाले की ती बऱ्याच जणांना सुटते. बाकीचे घरी बसून खाजवतात, यानं मांडवात खाजवली.

आदल्या दिवशी यादोरावांच्या अंगणात तालीम झाली. यादोराव शाळेचे हेडमास्तर, निक्की शेठची तक्रार पोलिसात देणारे. शेठ येतो, गोड बोलतो आणि मारतो. म्हाताऱ्यानं दोन तालमीत प्रवेश असा बसवला की चंद्रकुमार हरखला. फक्त एका गोष्टीला ते अडले.

"घड्याळ मले नोको देजो बापू. टाळीले माझे दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

"नाही देत, काकाजी."

"तुमच्या टीव्हीत आवाज कोण काढते?"

"तो मागून जोडतेत."

"मंग सोपं काम आहे गा तुमचं," यादोराव म्हणाले. त्यांची बायको, पार्वताबाई, चुलीपाशी बसून हसल्या. कोट बाहेर निघाला होता. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता, तो त्यांनी दुपारभर बसून शिवला.

मंडईच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. तळ्यावजा बोडीच्या पाळीवर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं. यादोराव हेडमास्तर असूनही जरीच्याच कोटात आले तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी "राजे, राजे" केलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहिला भाग सुरेख झाला. हेडमास्तरांचं बोलणं असं की पोरंसुद्धा गप्प बसली. ही शांतता आपल्यासाठी नाही, हे चंद्रकुमारला कळलं. मग तो पुढे आला, आणि मांडवाच्या मागून आरोळी उठली, "घड्याळ! घड्याळ!" बघता बघता सगळा मांडव घड्याळ मागू लागला.

लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा चढला. त्यानं घड्याळ सोडलं. यादोरावांनी डोळ्यांनी नाही म्हटलं, ते त्याला स्पष्ट दिसलं, तरी त्यानं ते त्यांच्यापुढे धरलं. "संभाल के रख. गिरना नहीं चाहिए."

आता म्हातारा काय करणार? पोराची महागाची वस्तू. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि घड्याळ प्रसाद घ्यावा तसं घेतलं. चंद्रकुमारनं हात फिरवला. तो वीतभर अलीकडून गेला, शिकवल्याप्रमाणे. यादोरावांनी मान झटकली, शिकवल्याप्रमाणे. पण ओंजळ अडकलेली. टाळी वाजली नाही.

भर मांडवात मुकी थप्पड. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही, मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मांडवच हसत सुटला. "अबे, लागलीच नाही!" "शेठ, जेवून ये!"

निक्की शेठला कुणी कधी हसलं नव्हतं. चंद्रकुमारच्या कानशिलात रक्त चढलं. त्यानं हात मागे नेला, चांगला खांद्याच्या मागे नेला, आणि मारली.

तिचा आवाज कुणाला काढावा लागला नाही. यादोराव एका गुडघ्यावर आले. मांडव उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. म्हातारा सावकाश उठला. ओंजळ सुटलेली नव्हती. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ आली होती. त्यांनी घड्याळ पुढे केलं आणि हेडमास्तरांच्याच आवाजात म्हणाले, "घ्या शेठ. पडलं नाही." नाटकात नसलेलं हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. भोजराज माईकवर ओरडत होता, "याले म्हणतेत ॲक्टिंग! पाहा, रगतसुद्धा काढलं!"

चंद्रकुमारला तिथेच जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. जमीन अशी कुणाच्या सोयीनं फाटत नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्या खांद्यांवरून त्याला दिसलं की पार्वताबाई स्टेजच्या पायरीशी उभ्या राहून नवऱ्याचं तोंड पदरानं टिपतायत.

घरी आनंदाबाईनं ताट वाढलं. तीही मांडवात बायकांच्या बाजूला बसली होती. भात वाढताना एवढंच म्हणाली, "राजेच्या तोंडातून रगत आलं."

"चुकून लागला माय हात."

"चुकून हात लागते," ती म्हणाली. "चुकून हात इतका मांगं नाही जात."

त्यानं ताट बाजूला सारलं. मोबाईल मात्र थांबत नव्हता. कुणीतरी काढलेला व्हिडिओ जिल्हाभर फिरत होता. मालिकेच्या दिग्दर्शकानंही पाहिला आणि लिहिलं, असंच पाहिजे, सेटवर का देत नाहीस? ते वाचून चंद्रकुमारला स्वतःची किळस आली. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण जो तो पाठ थोपटत होता, आणि प्रत्येक थापेबरोबर त्याला तो गाल आठवत होता. निक्की शेठ खोटा आहे असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता. आता ते कुणाच्या तोंडावर सांगायची त्याला हिंमत होईना.

सकाळी तो यादोरावांकडे गेला. सांगायचं काय ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. पाय धरायचे, चारचौघांत मारलं तर चारचौघांत माफी मागायची, भोजराजच्या माईकवरून मागायची.

पार्वताबाई ओसरीवर हळद कालवत होत्या. त्याला पाहून त्या उठल्या नाहीत. लहानपणी याच ओसरीवर त्यांनी त्याला आंबील पाजली होती, बापू म्हणून. आज म्हणाल्या, "या शेठ."

तो आत गेला आणि यादोरावांच्या पायांवर पडला. "काकाजी, मले माफ करा. हसले म्हणून माझं डोस्कं फिरलं."

यादोरावांचा डावा गाल टम्म सुजला होता, डोळा अर्धा मिटला होता. तरी ते हसले. "उठ गा. कायची माफी? नाटकात कोणी कोणाले मारत नाही."

"मंग हा गाल कायनं सुजला?" बाहेरून पार्वताबाई म्हणाल्या.

"माझीच टाळी चुकली. घड्याळ सांभाळत बसलो. नटानं वस्तू सांभाळू नये, प्रवेश सांभाळावा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू काही बोलू नोको कोणाजवळ. गावानं ॲक्टिंग म्हटलं, तं ॲक्टिंगच."

म्हातारा चूकही स्वतःच्या पदरात घेऊन मोकळा झाला होता. माफ करायला त्यांनी अपराधच शिल्लक ठेवला नव्हता. चंद्रकुमार डोळे पुसत उठला, आणि तेव्हा त्याला दोरीवर वाळत घातलेला जरीचा कोट दिसला. छातीवरचा रक्ताचा डाग धुऊन काढला होता. धुतल्यानं जरीची तार काळी पडली होती.

"साकोलीकडचे लोक आले होते सकाळी, फटफटीवर," यादोराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात लहान पोराची घाई होती. "व्हिडिओ पाहून आले. त्यायच्याही मंडईत पाहिजे म्हणतेत. तू अन् मी. मी हो म्हटलं बापू. किती सालानं कोणी दारात आलं."

"येतो काकाजी," चंद्रकुमार लगेच म्हणाला. इतकं तरी आपल्याला करता येईल, या विचारानं त्याला हायसं वाटलं. "पण हे नाही करायचं. तुमचा राजाचा प्रवेश करू. मी तुमचा प्रधान होतो, पायापाशी बसतो."

"राजा पाहाले कोण येते आता?"

"मंग हेडमास्तर मारू दे शेठले. तुम्ही मारा मले. भर मांडवात मारा."

"हे पाहा," यादोराव समजावणीच्या सुरात म्हणाले, लहानपणी त्याला पाठ समजावायचे तसंच, "लोक मले पाहाले नाही येऊन राहिले. मले मार खाताना पाहाले येऊन राहिले. काल मी तेवढं बोललो, कोणाच्या ध्यानात आहे का? थप्पड सगळ्याच्या ध्यानात आहे. तसे तं तसे. येतेत ना?"

यादोराव खाटेवरून उठले, चंद्रकुमारसमोर येऊन उभे राहिले, स्टेजवर उभे राहतात तसे, पाऊल तिरपं टाकून.

"अन् टाळीबिळी राहू दे. लोकायले आता वाजलेली समजते, अन् लागलेलीही समजते. त्या दिवशी हात थांबवू नोको. खरीच मार." त्यांनी सुजलेला गाल बोटानं चाचपला आणि तोंड वळवून दुसरा गाल पुढे केला. "फक्त इकडून मारजो. तिकडची दाढ हालून राहिली."

बाहेर पार्वताबाई हळदीची वाटी तशीच टाकून मागच्या दारानं निघून गेल्या. चंद्रकुमारला नाही म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं. पण त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यात इतका आनंद होता की नाही म्हणवेना, आणि हो म्हणायला त्याला तोंड राहिलं नव्हतं. तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला, आणि म्हातारा गाल पुढे करून त्याच्या उत्तराची वाट बघत राहिला.